शेवटच्याचा दिवा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. डोळ्याचं ऑपरेशन, मग पावसाळा, मग आळस, अशी नेहमीची कारणं आहेत. आजच्या लिहिण्यामागे मात्र एक घरगुती खटला आहे. वादी माझी नात, प्रतिवादी माझी सून, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर मला बसवलंय.

नातीला शनिवारी रात्री सायकलवर जायचं आहे. एकटी नव्हे, पंचवीस-तीस जणांचा घोळका असतो. रात्री दहाला निघायचं, शहराबाहेर तीस-चाळीस किलोमीटर रमतगमत हिंडायचं, कुठंतरी चहा प्यायचा आणि दोनच्या आत घरी. शर्यत नाही, बक्षीस नाही. सुनेचं म्हणणं एकच, "रात्रीच कशाला?" नातीनं मला मोबाईलवर त्या मंडळींची नियमावली पाठवली आणि खाली लिहिलं, "आजोबा, हे वाचा आणि आईला सांगा."

वाचली. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट. पुढारी ठरवेल तो वेग, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. सगळ्यांत शेवटी एक अनुभवी माणूस, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. गावातून जाताना एकामागोमाग एक. ठरलेल्या ठिकाणी थांबायचं आणि शेवटचा पोचेपर्यंत निघायचं नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलाही नियम दिसला की तो कुणाला, कधी आणि काय लागल्यावर सुचला असेल, हाच विचार आधी येतो. नियम सहसा कुणीतरी आपटल्यावरच होतात. हे नियम तर दीडशे वर्षांचे आहेत! ती गोष्ट सांगतो. तिच्या शेवटी आमचीही एक गोष्ट आहे. ती आमच्या घरात आजवर कुणाला खरी सांगितलेली नाही. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं.

१८७० साली, जून महिन्यात, चार्ल्स डिकन्स वारला. त्याच महिन्यात लंडनच्या काही सायकलवाल्यांनी एक क्लब काढला आणि डिकन्सच्या कादंबरीवरून त्याचं नाव ठेवलं पिकविक बायसिकल क्लब. या क्लबातले सभासद त्या कादंबरीतल्या पात्रांची नावं धारण करतात, आणि क्लब अजून चालू आहे. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडात गावोगाव असे क्लब निघाले. तेव्हाची सायकल म्हणजे चित्रात दिसते ती, पुढे पुरुषभर उंचीचं चाक, मागे चिमुकलं. पायडल थेट पुढच्या चाकालाच, त्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग. बसणारा जवळजवळ चाकाच्या डोक्यावर. रस्त्यात एखादी वीट किंवा खड्डा आला की चाक अडे आणि स्वार हँडलवरून पुढे, डोक्यावर. या पडण्याला इंग्रजीत स्वतंत्र शब्दच होता, इतकं ते रोजचं होतं.

आता अशा वाहनावर रात्री जायचं म्हणजे काय! दिवा लावायचा तर कुठे? शेवटी तो पुढच्या चाकाच्या आत, आसाला लटकवायचा अशी युक्ती निघाली. चाक फिरे आणि तेलाचा दिवा आऱ्यांच्या मधोमध लोंबकळत राही. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासनं १८८० च्या सुमारास असले दिवे मोठ्या प्रमाणावर विकले आणि त्यांना नाव दिलं होतं ‘किंग ऑफ द रोड’. राजाचा उजेड किती, तर चाकापुढे चार पावलं. रस्ता खडबडीत असला की धक्क्यानं राजेसाहेब विझत.

म्हणून हे लोक चांदण्या रात्री शोधून निघत आणि जोडीला माणसं घेत. जोडीला माणसं आली की शिस्त आली. तेव्हाच्या क्लबांनी ती सरळ लष्कराकडून उचलली. प्रत्येक क्लबाला एक कप्तान, एक उपकप्तान आणि एक बिगूलवाला! हसू नका, खरंच. स्वार व्हा, उतरा, एका रांगेत या, वेग कमी करा, प्रत्येकाचा बिगूल वेगळा. लांबलेल्या रांगेत पुढच्याचा आवाज मागच्याला ऐकू जात नाही, बिगूल जातो. कप्तान पुढे राहून वेग ठरवी आणि त्याला मागे टाकून जायची सभासदांना बंदी असे. उपकप्तानानं मागची बाजू सांभाळायची. दोन स्वारांमध्ये अंतर ठेवायचं, कारण पुढचा उलथला तर मागचा त्याच्यावर जाऊ नये.

पुढच्यानं वेग ठरवायचा आणि सगळ्यांत मागे जबाबदार माणूस ठेवायचा, या दोन गोष्टी १८७०-८० च्या पोरांना पडून-झडून कळल्या होत्या. आणि नातीच्या नियमावलीत बिगूल सोडून बाकी सगळं जसंच्या तसं आहे. बिगुलाच्या जागी आता व्हॉट्सॲप आलं, एवढाच फरक!

लोकांना अर्थातच हे प्रकरण आवडत नव्हतं. घोडे बुजत, म्हाताऱ्या ओरडत. १८७९ साली इंग्लंडच्या कोर्टापुढे प्रश्न आला की सायकल ही गाडी आहे का? घोडागाडी बेफाम हाकणाऱ्याला दंड करायचा कायदा होता, सायकलचा शोध लागायच्या आधीचा, १८३५ चा. एक सायकलवाला बेफाम गेला म्हणून त्याला त्याच कलमाखाली धरलं. त्याचं म्हणणं, ही गाडीच नाही. न्यायाधीश म्हणाले, आहे. टेलर विरुद्ध गुडविन म्हणून हा खटला प्रसिद्ध आहे. मग १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यात हे सबंध इंग्लंडसाठी लिहूनच टाकलं. सायकल ही गाडी. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंत दिवा हवा आणि कुणाला ओलांडायचं तर घंटी वाजवून सूचना द्यायची. सायकलवाल्यांना त्याचा आनंदच झाला, कारण गाडी ठरली म्हणजे रस्त्यावर हक्क मिळाला. तोवर प्रत्येक परगण्याचे नियम निराळे होते.

मधल्या काळात यंत्रही बदललं होतं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं दोन साधारण सारख्या चाकांची, साखळीची ‘रोव्हर’ आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपनं हवेचा टायर. या नव्या सायकलला लोक ‘सेफ्टी’च म्हणत. सुरक्षित झाली म्हणून माणसं सावकाश चालवू लागली का? छे! उलट सुसाट सुटली. पाठ वाकवून, मान खाली घालून पळणाऱ्यांना अमेरिकेत एक चिडका शब्द होता, त्याचा अर्थ ‘रस्ता करपवणारे’. त्यांना धरायला न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली सायकलवरच्या पोलिसांची तुकडी उभी राहिली. तेव्हा पोलीस आयुक्त होता थिओडोर रूझवेल्ट, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. याच शहरात १८९९ मध्ये एका मोटार-टॅक्सीवाल्याला ताशी बारा मैल वेगानं गेला म्हणून सायकलवरच्या पोलिसानं पाठलाग करून पकडलं. बारा मैल म्हणजे एकोणीस किलोमीटर. (सुनेची स्कूटर गल्लीत याहून जोरात जाते, पण तो खटला माझ्यापुढे नाही.)

त्याच अमेरिकेत क्लबांच्या रात्रीच्या मिरवणुका निघत, सायकलींना चिनी कागदी कंदील बांधून. कंदिलानं रस्ता दिसत नसे, पण सायकलवाला दिसे. मला या इतिहासात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, की दिवा दोन कामांसाठी असतो. पुढचा आपल्याला दिसावं म्हणून, मागचा आपण दिसावं म्हणून. पहिलं काम लोकांना लगेच पटलं. दुसऱ्यावरून इंग्लंडात वीस-पंचवीस वर्षं भांडण चाललं!

भांडण असं. मोटारी वाढल्या आणि मागून येऊन सायकलवाल्यांना उडवू लागल्या. मोटारवाले म्हणाले, सायकलला मागे लाल दिव्याची सक्ती करा. सायकलवाल्यांच्या संस्था विरोधात उभ्या राहिल्या. १८७८ साली स्थापन झालेली सायकलस्वारांची सगळ्यांत मोठी संस्था, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, तीही विरोधातच. वरवर विचित्र वाटतं, स्वतःच्याच जिवावर उठल्यासारखं. पण त्यांचं म्हणणं ऐका. जितकं दिसतं तेवढ्यात थांबता येईल अशा वेगानंच मोटार हाकली पाहिजे. रस्त्यावर उद्या गाय असेल, पडलेलं झाड असेल, चालणारा माणूस असेल, त्यांना कुठं लाल दिवा आहे? शिवाय मागचा दिवा विझला तर सायकलवाल्याला कळणार कसं? तो तर पुढे बघतोय. पुढचा दिवा विझला की अंधार पडतो आणि समजतं. मागचा विझला हे ज्याचा दिवा आहे त्यालाच दिसत नाही. आणि सक्ती झाली की मेलेल्याचाच दोष, ‘दिवा नव्हता ना!’

१९२७ च्या कायद्यानं मधला मार्ग काढला. मागे दिवा किंवा लाल काच, म्हणजे दुसऱ्याच्या उजेडात चमकणारी, यांतलं काहीतरी एक. १९३० च्या दशकात भर पडली ती मागच्या मडगार्डवर पांढऱ्या पट्ट्याची. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, विमानहल्ल्यांच्या भीतीनं रस्त्यांवरचे दिवे बंद झाले आणि त्या काळोखात मागच्या लाल दिव्याची सक्ती आलीच. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ती कायमची झाली.

आता जरा आपल्या जुन्या काळ्या सायकली आठवा. ॲटलस, हर्क्युलिस, हिरो. मागच्या मडगार्डचं शेपूट पांढरं रंगवलेलं आणि त्यावर लाल काचेचा गोल डोळा! लहानपणी आम्हाला वाटे, शोभेसाठी आहे. आमच्याकडच्या कारखान्यांनी विलायती सायकलचा नमुना उचलला, तेव्हा त्या भांडणातली तडजोडही शेपटासकट आली. कोजागिरीला मी जी सायकल चालवत होतो तिलाही ती होती.

पुण्याच्या सायकलींबद्दल मी काही सांगायची गरज नाही, तुमच्यातले निम्मे त्यावरच वाढलेत. दिव्याचं मात्र सांगतो. आमच्या वडिलांच्या वेळी रॉकेलची बत्ती असे, हँडलपुढे अडकवायची. रात्री दिव्याशिवाय दिसलात की पोलीस धरे. मग ठरलेलं उत्तर, "आत्ताच विझला हो साहेब, वाऱ्यानं. हात लावून बघा, गरम आहे." पोलीसही हात लावून बघे. काहीजण चौक आला की उतरून शहाण्यासारखे चालत जात, कारण चालणाऱ्याला दिवा लागत नाही. भाड्याच्या सायकलवाल्याकडे बत्तीचं भाडं वेगळं. पुढे डायनामो आला आणि बत्तीची कटकट संपली असं आम्हाला वाटलं.

डायनामो ज्यांनी वापरलाय त्यांना त्याचा आवाज आठवत असेल. बाटलीसारखी ती वस्तू टायरला टेकवायची, चाकाबरोबर तिचं डोकं घुर्र घुर्र फिरायचं आणि वीज व्हायची. ना रॉकेल, ना सेल. पायात अर्थातच जड लागे. पण एक खोड होती. वीज चाकाच्या वेगावर. पळालात तर लख्ख, हळू झालात तर पिवळा, चढावर लालसर निखारा आणि थांबलात की गुडुप. म्हणजे असं बघा, ज्याच्या पायात ताकद त्याच्यापुढे उजेड. जो दमला, मागे पडला, त्याला अंधार. आणि मागे पडलेल्याचा दिवा विझला की पुढच्यांनी वळून पाहिलं तरी तो दिसत नाही.

हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

१९६९ ची कोजागिरी. आम्ही कॉलेजातली पाच पोरं आणि सहावा माझा आतेभाऊ, वय पंधरा. दहावीत होता. गच्चीवर आटीव दूध पिऊन अकराच्या सुमारास निघायचं, रातोरात सिंहगडाचा पायथा गाठायचा आणि पहाटे गड चढून वर सूर्योदय बघायचा असा बेत. पुण्यातल्या पोरांच्या कित्येक पिढ्यांनी हा बेत केलाय. त्याला न्यायचं की नाही यावर आत्यानं बरीच घासाघीस केली आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आहेस ना रे, मग जाऊ दे." हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याच्याकडे त्याच्या वडिलांची चोवीस इंची सायकल. सीट शेवटपर्यंत खाली करूनही पाय जेमतेम पुरत. मला नुकतीच नवी सायकल मिळाली होती, परीक्षा पास झाल्याबद्दल. नव्या सायकलवाल्याला कप्तान कुणी नेमावं लागत नाही, तो आपोआप पुढे असतो. सिंहगड रस्ता तेव्हा वडगावनंतर सगळा शेतांचा आणि झाडांचा. चांदणं असं की दिव्याची गरजच वाटू नये. चांदणं फार फसवं असतं, हे मात्र लिहून ठेवतो. उघड्यावर सगळं दुधासारखं दिसतं आणि वडाच्या झाडाखाली शिरलात की विहिरीत शिरल्यासारखं. डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, तेवढ्यात सायकल पुढे गेलेली असते.

आम्ही अधूनमधून थांबत होतो. पण थांबत होतो कसे? पुढचे पाच पोचायचे, गाणी म्हणायची, पाणी प्यायचं. पाच-दहा मिनिटांनी धाकटा धापा टाकत यायचा आणि तो टेकला रे टेकला की आम्ही "चला!" म्हणून निघायचो. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं आणि ज्याला होती त्याला शून्य. दर थांब्यागणिक तो जास्त दमत होता आणि आम्ही जास्त ताजे होत होतो. तेव्हा हे डोक्यात आलं नाही. मुद्दाम केलं नाही, पण केलं.

खडकवासल्याच्या धरणाकडे रस्ता चढतो. तो चढ मी नव्या सायकलच्या जोरावर एका दमात मारला, बाकीचे ईर्ष्येनं माझ्यामागे. धरणाच्या बाजूनं पुढे जाऊन एका पारावर बसलो. पाण्यावर चंद्र पडलेला. कुणीतरी भडंग काढलं. "येईल मागनं," असं मीच म्हणालो. अर्धा तास झाला. वळून रस्त्याकडे पाहिलं तर दिवा दिसेना. दिवा दिसत नाही म्हणजे लांब असेल, असं वाटलं. तो थांबला असेल, म्हणून दिवा नसेल, हे सुचायला आणखी अर्धा तास गेला.

उलटे निघालो. सगळा उतार उतरलो, हाका मारल्या. रस्त्यात माणूस नाही, सायकल नाही. त्या चांदण्यात रस्त्याकडेची एकेक सावली माणसासारखी दिसत होती. धरणाच्या पाण्याचाही विचार मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू! पायडल मारतोय आणि तोंडानं भीमरूपी चाललंय अशी अवस्था.

बऱ्याच खाली पुण्याच्या दिशेनं चाललेल्या कडब्याच्या तीन बैलगाड्या गाठल्या. शेवटच्या गाडीत, कडब्यावर, आमचा धाकटा. बाजूला त्याची सायकल बांधलेली. चढावर दिवा मंदावत गेला, झाडाच्या सावलीत पार गेला. समोरून गाड्या आल्या म्हणून तो रस्त्याच्या कडेला झाला आणि दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर चढून खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडलं होतं. गाडीवानानं उचललं, पाणी पाजलं, डोक्याच्या मुंडाशानं हात गळ्यात बांधला. पुढे गेलेली माणसं परत येतील म्हणून काही वेळ थांबलाही म्हणे. कुणी येईना, तेव्हा गाडीत घालून निघाला.

आम्ही पाचजण हांडेलहप्पी पोरं सायकली धरून उभे. गाडीवानानं बैल थांबवले, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यात मागं कोण व्हतं?"

कुणी बोलेना. शेवटी गाडीवरून धाकटाच म्हणाला, "मागं मीच होतो."

घरी काय सांगितलं ते नातेवाइकांना ठाऊक आहे. गडाच्या वाटेवर पाय घसरला, आम्ही लगेच उचलून आणला. ही थाप मी रचली आणि तोही तीच बोलला. त्याचा खांदा नीट जुळला नाही, हात अजूनही पुरता वर जात नाही. शाळेच्या संघात तो जलद गोलंदाज होता. त्या वर्षानंतर त्यानं चेंडू टाकला नाही. आत्या जाईपर्यंत म्हणत राहिली, "बरं झालं दादा बरोबर होता." दर वेळी मी दुसरीकडे बघायचो.

पुढे शाळेच्या सहलींमध्ये मी कायम रांगेच्या शेवटी चालायचो. मुलांना वाटे, सरांचे गुडघे दुखतात.

इंग्लंडात आजही रात्रीच्या सायकल सहली निघतात. जुलैतल्या पौर्णिमेजवळच्या शनिवारी लंडनहून निघून सकाळी समुद्राकाठच्या डनविचला पोचायचं, अशी एक जवळजवळ १८० किलोमीटरची सहल १९९० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे. डनविच हे मध्ययुगातलं मोठं बंदर, समुद्रानं हळूहळू गिळलं. कधीतरी त्याच्यावरच लिहायला हवं. रात्रीच्या सहलीत सगळ्यांत मागे राहणाऱ्याला तिकडे टेल-एंड चार्ली म्हणतात. हा शब्द मूळचा दुसऱ्या महायुद्धातला, बाँबर विमानाच्या शेपटीत मागे तोंड करून बसणाऱ्या तोफचीचा. विमानाच्या मागचं बघायचं काम मुख्यतः त्याचं. ब्रिटिश हवाई दलात फार धोक्याची जागा मानत ती. सायकलवाल्यांनी शब्द बरोबर उचलला. मागचा दिवा विझला हे ज्याचा त्याला दिसत नाही, ते त्याच्या मागच्याला दिसतं. पण सगळ्यांत शेवटच्याच्या मागे कुणीच नसतं, म्हणून तिथं दमलेला नव्हे, सगळ्यांत दमदार गडी हवा. आमच्यात तो मी असायला हवा होतो.

आता दिवे सोपे झालेत. नातीनं मला तिचा मागचा दिवा दाखवला. सुपारीएवढा, लुकलुकणारा आणि उभं राहिलं तरी पेटलेलाच! (असे लुकलुकणारे दिवे इंग्लंडच्या कायद्याला २००५ पर्यंत मान्य नव्हते, हेही जाता जाता.) मी तिला तीन प्रश्न विचारले. चढ संपल्यावर पुढचे थांबतात का? शेवटचा पोचल्यावर त्याला बसायला किती वेळ देतात? आणि मागे कोण असतं? पहिल्याला ती "हो" म्हणाली. दुसऱ्याला अडखळली, म्हणाली विचारते. रात्री तिचा निरोप आला की पाच मिनिटं असं ठरवलंय, तुम्ही विचारल्यामुळे. तिसऱ्याचं उत्तर, आळीपाळीनं दोघं-दोघं, पुढच्या वेळी तिचीही पाळी आहे.

सुनेला मी निकाल दिला, जाऊ दे. तिनं मान्य केला, मात्र मी दोन वाजेपर्यंत जागं राहायचं या अटीवर. म्हाताऱ्याला तसंही झोप येत नाही.

हे सगळं लिहिण्याआधी आतेभावाला फोन केला. तोही आता सत्तरीपार आहे. म्हटलं, लिहू का? तुझी हरकत असेल तर नाही लिहीत. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लिही की. फक्त खडीचा ढीग होता असं लिही. तू सगळीकडे बैलगाडीला धडकलो म्हणून सांगतोस, तसं नव्हतं ते. गाडीवानाची काही चूक नव्हती, दादा."